‘धामकाठ’ची आई आणि गुरुवारचा आकडा

गुरुवार, ६ नोव्हेंबर, नालवाडी
आमची मालिका ‘धामकाठ’ बंद होणार हे अजून ठरलेलं नाही. चालू राहणार हेही नाही. चॅनलच्या राधिकाने दुपारी स्वतः फोन करून सांगितलं. म्हणजे बातमी पक्की, फक्त अर्धी. महिनाअखेरीला निर्णय. तोपर्यंत दोन कथानकं पाठवायची. अ : लग्न लावून गोडीगुलाबीने समाप्त. ब : आईचा मृत्यू, मग कथा काही वर्षं पुढे.

“दोन्ही तितक्याच मनापासून लिहा हं, सर.”

लिहीन. वर्तमानपत्रात असताना पुढारी आजारी पडला की मृत्युलेख तयार ठेवायचो आणि बरा झाला की शुभेच्छाही द्यायचो.

या आधी माझ्या हाताने तीन मालिका मिटल्या आहेत, त्यामुळे वास ओळखतो. प्रोमो थांबले की पहिली घंटा. आपल्या प्रक्षेपणाच्या वेळेवर येणाऱ्या नव्या मालिकेचा हिरो वजन कमी करायला लागला की दुसरी. मालिका वाईट आहे म्हणून क्वचितच बंद होते. तिची जागा कुणाला तरी हवी असते. दर गुरुवारी टीआरपीचा आकडा येतो. तो खाली गेला की आपल्याला दोष, वर गेला की वेळेला श्रेय.

तरी ही जाणार नाही. का ते आज सांगता येत नाही. पण नाही जाणार.

शनिवार, ८ नोव्हें.
सकाळी पवनार. शूटिंग वनिताबाईंच्या घरात चालतं. पुढची ओसरी, बैठक, अंगण आमचं. मागच्या दोन खोल्या त्यांच्या. धाम नदीकडे उतरणारं हे घर नसतं तर मालिका सुचलीच नसती. प्रेक्षक नटांची नावं विसरतात, घर विसरत नाहीत.

गाडीतून उतरतो तोच वनिताबाई समोर.
“भाऊ, बंद होऊन राह्यली म्हनते आपली सिरेल?”
“कोण म्हणतं?”
“तुमचा बबलू म्हने. पन तुमी काई काळजी करू नका. आमी इलाज केला.”

इलाज असा : बचत गटातल्या सगळ्या बायकांनी ठरवून दिवसभर आमचं चॅनल लावून ठेवलं. घरात कुणी असो नसो. एकीच्या नवऱ्याने बातम्यांसाठी रिमोट मागितला, तिने तो पिठाच्या डब्यात लपवला.

मला हसू आवरेना, आणि मग सांगणं भाग पडलं. मोजणारं यंत्र फक्त काही निवडक घरांत असतं. ती कुठली, हे मला काय, राधिकालाही माहीत नसतं. बाकी घरांत टीव्ही चोवीस तास चालला तरी त्याची नोंद कुठेच होत नाही.

वनिताबाईंनी तरी विचारलं,
“मंग आमचं पाह्यनं कशातच नाई धरत?”
“नाही.”
“अन् शूटिंग आमच्याच घरात.”

शिवाय आमची वेळ संध्याकाळी सातची. त्या वेळी इथल्या बाया मेथीच्या जुड्या बांधत असतात, सकाळी वर्ध्याच्या बाजारात न्यायला. त्या बघतात दुसऱ्या दिवशी दुपारी, पुनःप्रक्षेपण. त्याला निर्णयाच्या टेबलावर किंमत नाही. राधिकाला दोनदा लिहून झालंय.

सोमवार, १० नोव्हें.
दोन्ही कथानकं गेली. राधिकाला ब आवडलं. “आई गेली की घर फुटतं. त्यात दम आहे सर. आईचं जाणं असं झालं पाहिजे की बघणाऱ्याने जेवणाचं ताट बाजूला सारलं पाहिजे.” चॅनलवर माणसं ताटं मोजून मरतात.

नलूताईंना मीच सांगितलं. आईचं काम त्याच करतात. नागपूरच्या, झाडीपट्टीच्या नाटकांत आयुष्य गेलेल्या.
“मारता का मला?”
“अजून ठरलं नाही.”
“ठरलं तर फोटो तरी चांगला लावा. मागल्या मालिकेत मेले तेव्हा आधार कार्डावरचा लावला होता.”
त्यांनीच फोनमधून एक निवडून दिला. हिरवी साडी, अर्धवट हसू. छान आहे.

बुधवार, १२ नोव्हें.
घोळ. मोठा.

बैठकीत फोटो कसा दिसेल ते राधिकाला बघायचं होतं. बबलूने (आमचा कलाविभाग म्हणजे तो एकटाच) नलूताईंचा फोटो मोठा करून आणला, समोरच्या भिंतीवर खिळा ठोकून लावला, वर खऱ्या झेंडूचा हार, खाली समई. मोबाइलवर टिपून पाठवला. आणि मग काढला नाही! शूटिंगला सुट्टी, वनिताबाई वर्ध्याला बाजारात, त्यांचे यजमान शेतात.

नेमके त्याच वेळी अल्लीपूरचे पाहुणे आले. वनिताबाईंच्या मुलासाठी, अमोलसाठी, तिथल्या मुलीचं बोलणं चाललंय. घर बघायला उद्या येणार होते. वर्ध्यात काम निघालं म्हणून आजच वळले.

पुढचं बबलूच्या तोंडून : “सर, चारपाच जन आले. मले वाटलं रोजच्यासारखे सेट पाह्यले आले. त्यातला म्हातारा दारातच थांबला, चपला काढल्या, टोपी काढली, फोटोले हात जोडले. मंग सगळ्याईनं जोडले.”
“मग तू?”
“मीबी जोडले. बरं नाई दिसत ना सर.”

पाण्याला कुणी हात लावला नाही. म्हातारा जाताना बबलूच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, “तेरवी झाली का येतो. आता बोलनं करनं बरं नाई.” बबलूने मान डोलावली.

मुलीच्या आत्याने मात्र निघताना फोटोचा फोटो काढला होता. चेहरा ओळखीचा वाटला म्हणे. वर्धा ओलांडल्यावर तिला आठवलं कुणाचा ते. संध्याकाळपर्यंत हिंगणघाटपासून नागपूरपर्यंत प्रत्येक फोनवर हार घातलेल्या नलूताई. ‘धामकाठची आई मरून राह्यली.’

नलूताईंना त्यांच्या सख्ख्या भाच्याचा फोन आला. त्यांनी उचलला, हे त्याला सहन झालं नाही.

गुरुवार, १३ नोव्हें.
आकडा जिथल्या तिथे. राधिका चिडलेली : कथा फुटली कशी? वरच्यांचा कल समाप्तीकडे. आमचे निर्माते मिलिंद नुसते “बघा काहीतरी” म्हणतात. निर्माता “बघा” म्हणाला की तो दुसरी मालिका बघत असतो.

दुपारी वनिताबाई बसने नालवाडीला माझ्या घरी आल्या. पहिल्यांदाच. सोबत मेथीच्या दोन जुड्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“भाऊ, माह्या घरात सून याची तयारी, अन् तुमी भिंतीवर हार घातलेली बाई टांगली. पाहुने काय म्हनतीन? त्याईले काय माईत कोनाची बाई ते.”
“चूक झाली. फोटो काढलाय.”
“काढला ते पाह्यलं. पन पुन्हा लावान ना? शूटिंगले?”
मी मेथीच्या जुड्या टेबलावर ठेवल्या.
“तुमच्या आईले मारा का जगवा. माह्या भिंतीवर नाई. आपला घराचा करार बी सरून राह्यला या महिन्यात. मी बी पाहीन पुढे द्याचं का नाई ते.”

जाताना दारात वळून : “मेथीत लसन जास्त टाकजा.”

म्हणजे मालिका पुढे चालवायची की नाही हे ठरवणारी आता दोन ठिकाणं. एक मुंबईत, काचेच्या इमारतीत. दुसरं पवनारला. दुसऱ्याचा विचार आम्ही कधी केलाच नव्हता.

शनिवार, १५ नोव्हें.
अल्लीपूर. मी, वनिताबाई आणि नलूताई. कल्पना नलूताईंची : “मेले नाही हे सांगायला माझ्याइतकं योग्य माणूस कोण?”

म्हातारा, मुलीचा काका, ओसरीवर कापसाच्या ढिगापाशी बसलेला. नलूताईंना बघून उभाच राहिला. पुन्हा टोपी काढणार, तेवढ्यात ताई म्हणाल्या, “राहू द्या, भाऊजी. परवा काढलीत तेवढी पुरे.”

घरभर हशा. चहा आला, वरून पोहे, आजूबाजूच्या बायका. आत्या तोंड लपवत फिरत होती. नलूताईंनी तिला मुद्दाम शेजारी बसवलं : “फोटो तू काढलास? थोडा डावीकडून घ्यायचा होतास.”

काका वनिताबाईंना म्हणाला, “मले वाटलं तुमची सासूच गेली.”
“सासूले जाऊन धा वर्स झाले.”
“तेच म्हनलं, हार ताजा कसा!”

मुलीचं नाव पल्लवी. कॉलेज झालंय, बोलायला चटपटीत. बाहेर पडताना मला गाठलं. “काका, आईले काऊन मारून राह्यले तुमी? ती गेली तं मी नाई पाह्यनार.” मग स्वतःच हसली. “तसं आमचं पाह्यनं तुमच्या मोजनीत नाईच म्हनते.” म्हणजे ही गोष्टही पोचली.

लग्नाचं? काका म्हणाला, “पाहू. कळवतो.” चॅनलचीच भाषा.

सोमवार, १७ नोव्हें.
तिसरं कथानक लिहिलं, कुणी मागितलेलं नसताना. क : मुलं घराची वाटणी करतात. आई कुणाच्याच वाट्याला जात नाही. अंगणात वेगळी चूल मांडते, आणि त्या चुलीवरचा चहा प्यायला हळूहळू सगळं घर बाहेर येतं. ना मृत्यू, ना फोटो, ना वर्षांची उडी. नलूताई आयुष्यभर याच प्रवेशाची वाट बघत असाव्यात. एका बैठकीत उतरलं. असं उतरलं की खात्री पटते.

राधिका : “सुंदर आहे सर. पण मरणाचा प्रोमो होतो, चुलीचा होत नाही.”

गुरुवार, २० नोव्हें.
आकडा वर. वर म्हणजे चांगलाच. आमच्या वेळेला वर्षात आला नव्हता इतका. फोटो फिरला त्याच आठवड्याचा आहे.

राधिकाचा फोन अकराच्या आत. आवाजच वेगळा. चॅनल मुदत वाढवायला तयार. अट एकच : आई गेली पाहिजे, आणि लवकर.
“लोक तिचं मरण बघायला बसलेत सर.”
“ती मरते की काय या काळजीने बसलेत. मेली की उठतील.”
“आकड्यात काळजी दिसत नाही.”
“म्हणूनच मी सांगतोय.”

आकडा एकच, तिने एक वाचलं, मी दुसरं. चूक कुणाचं हे आई मारल्याशिवाय कळणार नाही. आणि मारल्यावर कळून उपयोग नाही.

मिलिंदना वनिताबाईंचं सांगितलं. म्हणाले, भिंत मुंबईत उभारू. मी म्हटलं, खिडकीतून दिसणारी नदीही उभारा.

शुक्रवार, २१ नोव्हें.
पवनार. वनिताबाई अंगणात जुड्या बांधत होत्या. मीही दोनचार बांधल्या. त्यांनी त्या सोडून पुन्हा बांधल्या.

“अल्लीपूरचा निरोप आला. मंगळवारी येऊन राह्यले, पुन्हा घर पाह्यले.”
“अरे वा.”
“त्या बाईले आनजा तुमच्या. जिती. ओसरीवर बसवजा, पाहुन्याईले दिसन अशी.”
“आणि करार?”
“घर देईन. फोटो नाई. तुमच्या त्या मुंबईच्या मॅडमले सांगा, माह्या घरी येऊन बोल म्हना. फोनवर नाई बोलत मी.”

राधिकाला तसंच्या तसं कळवलं. अपेक्षा होती की हसेल. हसली नाही. म्हणाली, “येते.”

रविवार, २३ नोव्हें.
मिलिंदनी कळवलं : राधिका मंगळवारी सकाळच्या विमानाने नागपूरला, तिथून थेट पवनार. निर्णय तिच्याकडेच सोपवलाय. संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगणार. अल्लीपूरकरही त्याच दिवशी, दुपारी. बदलता येईल का विचारलं, तर वनिताबाई म्हणतात, कशाला? चहा एकदाच ठेवीन.

आज जाऊन बैठक पाहून आलो. भिंत नव्याने सारवल्यासारखी स्वच्छ. बबलूचा खिळा मात्र तसाच. वनिताबाईंनी त्यावर कॅलेंडर अडकवलंय.

राधिकाचा दुपारी संदेश : बुधवारच्या शूटिंगसाठी दोन्ही प्रवेश तयार ठेवा, मृत्यूचा आणि चुलीचा. हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. इतक्या वर्षांत दोन्ही बाजू लिहून ठेवल्याशिवाय कधी उठलो नव्हतो.

चुलीचा प्रवेश पूर्ण आहे. बबलूला तीन विटा आणि माती सांगून ठेवलीय. अंगणात कुठे मांडायची ती जागा वनिताबाईंनी दाखवली. नलूताईंचं पाठांतर सुरू झालंय.

मृत्यूचा लिहिलेला नाही. मंगळवारी राधिकाने मागितला, तर तिथेच बसून लिहावा लागेल, कॅलेंडरखाली, दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर.