उजवा दिवा

पिंप्राळा, जळगाव
१२ नोव्हेंबर १९९७

प्रिय रुपचंदभाऊ,

नाही विकली. तुमच्या दोस्ताची फटफटी अजून दारातच उभी आहे. विकायचं नाव काढलं की हिलाल असा बघतो, जशी मी त्यालाच बाजारात नेतेय. आयटीआय झाल्यापासून पोरगं इंजिनियरच्या वर गेलंय. परवा रेडिओवाल्याकडून मुगाएवढे पिवळे एलईडी दिवे आणले, पट्टीवर सात-सात डकवले आणि आधी पुढच्या इंडिकेटरांत बसवले. बॅटरी कमी खातात म्हणे. लागले झकास, पण लुकलुकेनात. जुन्या फ्लॅशरला एवढा कमी करंट पुरत नाही. हिलाल म्हणतो, रुपचंदकाकांना बोलाव, त्यांनाच जमेल. म्हणून लिहायला बसले.

दिवेलागणीला तो पिवळा उजेड भिंतीवर तसाच थांबलेला दिसला. वाटलं, हे आलेत, दारात गाडी लावून नुसतेच उभे आहेत. चहा ठेवायला उठलेसुद्धा. त्यांचा इंडिकेटर हायवेपासून घरापर्यंत बंद व्हायचाच नाही, बठ्ठी गल्ली हसायची. मी म्हणायची, आली नवरदेवाची वरात.

तुमची बेबाबाई भेटली होती. म्हणाली, धुळ्याला गेल्यापासून तुम्ही पान्याला हात लावला नाही, खताच्या दुकानात बसता. जेवता जेवता मध्येच म्हणता, मी वायर नीट कसली असती तर मागच्या ट्रकवाल्याला दिवा दिसला असता. चार वर्षं तुम्ही आमच्या दारात आला नाहीत. का ते मला ठाऊक होतं, तरी गप्प बसले.

काल हिलालने मागच्या इंडिकेटरांपैकी उजवा दिवा खोलला. काच तेव्हाच, अपघातात फुटलेली. म्हणाला, आई, काकांची वायर एकदम घट्ट आहे, पण बल्ब कुठंय? म्हटलं, पडला असेल रस्त्यात.

भाऊ, बल्ब माझ्या कुंकवाच्या करंड्यात आहे. हे तिथे कधी हात घालणार नाहीत म्हणून तिथे लपवला. संध्याकाळी विचारणार होते, आज वरात बिनदिव्याची कशी? मग तो करंडा उघडायचं मला कामच उरलं नाही. हिलालला अजून सांगितलेलं नाही, आधी तुम्हाला सांगतेय. हे वाचून यावंसं वाटलं तर या. तुमची वायर चांगली होती. त्या सकाळी शिलाई मशीनच्या पेचकसाने बल्ब मीच काढला, गंमत म्हणून.

तुमचीच,
सुगंधावहिनी