माझा सप्तरंगी थर

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. सातवीत शाळा सुटली, पण अक्षर टपोरं आहे.

प्रयोगशाळेत काचा धुवायला लागून आठ महिने झाले. शुक्रवारी मॅडम ठरवणार, थराच्या कामाला हाताखाली कोण. मी किंवा स्टोअरवाला. घरी फोन करून माझं नक्की झालं असं सांगून टाकलं. आईच्या जिवाला घोर नको. मागून दाजी म्हणाले, भागाकार बघून पळालेला आता रेणू मोजणार!

४ मार्च
मॅडमना सरळ विचारलं, थर म्हणजे काय. खूश झाल्या. रेणू चकतीसारखे असतात म्हणे. त्यांच्या एका भागाला पाण्याची ओढ, दुसऱ्याला पाण्याचं वावडं. लगेच समजलं. दाजींना सासरचं जेवण हवं, सासरची माणसं नकोत.

तबकातल्या पाण्यावर चकत्या पसरायच्या, मग पट्टीने रेटायच्या. दाटी झाली की आडव्या चकत्या उभ्या राहतात, रॅकमधल्या ताटल्यांसारख्या. असे थरावर थर काचेवर उचलायचे. ती काच दोन काळसर काचांमध्ये धरून फिरवली की कधी उजेड, कधी अंधार. त्यावरून ताटल्यांची रांग कुठल्या दिशेला ते कळतं.

ताटल्यांच्या बाबतीत माझा हात कोण धरणार?

५ मार्च, सकाळी १०
संकल्प: तबकाला हात लावायचा नाही. मॅडमनी तीनदा बजावलंय. बोटाचा तेलकटपणासुद्धा चालत नाही.

दुपारी ४
पट्टी फार कुरकुरते. ऐकवत नाही. लांब नळीने मशीनच्या तेलाचे दोनच थेंब सोडले. पट्टी एकदम गप्प. हात कुठेही लावलेला नाही.

६ मार्च
ऐतिहासिक दिवस! चकत्या टाकायच्या आधीच पाण्यावर रंगच रंग. जांभळा, हिरवा, सोनेरी. मॅडमचे डोळे विस्फारले. हे कुणी केलं, असं त्यांनी दोनदा विचारलं. स्टोअरवाला मान खाली घालून उभा. यश घ्यायलाही छाती लागते. मी पुढे होऊन सांगितलं, मी, एकट्याने. पद्धतही समजावली, थेंबांच्या संख्येसकट.

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. आनंदाने पाय गळतात कधीकधी.

७ मार्च, शुक्रवार
मॅडम म्हणाल्या, चकत्यांचा थर पाण्यावर एका रेणूइतका जाड, डोळ्यांना दिसतच नाही. दिसलं ते तेल. तबक तेलकट झालं, महिन्याचं काम गेलं. थराचं काम स्टोअरवाल्याला.

संध्याकाळी आईचा फोन. सुरू झालं का रे काम? खोटं बोललो नाही. म्हटलं, अख्खं तबक माझ्या ताब्यात दिलंय, आठवडाभर दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा हुकूम आहे. दाजींनी फोन ओढून विचारलं, पण करतोस काय त्याचं?

घासतो, म्हटलं.

पलीकडे बराच वेळ दाजींचं खिंकाळणं. मग आईने फोन परत घेतला. म्हणाली, कोपरे राहू देऊ नकोस हं, तू नेहमी कोपरे सोडतोस.