भोपळ्याचं सूप आणि अडकलेले व्याही

तीर्थरूप ताईस,

कंबर वाकू देईल तेवढं वाकून नमस्कार. तुझ्या गुडघ्याची चौकशी करणार होतो, पण मागच्या पत्रात तू चार पानं त्याच्यावरच लिहिली होतीस, त्यामुळे तो आता मला माझ्या गुडघ्यापेक्षा जास्त ओळखीचा झालाय. भावोजींचा खोकला कसा आहे? (थांबला असेल तर आनंद आहे, नसेल तर मी विचारत होतो म्हणून सांग.) आमच्याकडे सगळं ठीक, फक्त तुझ्या भावजयीचा उजवा हात मोडलाय. घाबरू नकोस, मनगटच आहे. बाथरूममध्ये घसरली. सहा आठवडे प्लास्टर. पण त्यापायी जे रामायण घडलं ते फोनवर सांगता येत नाही, कारण आमचा फोन जिथे आहे तिथेच ही बसलेली असते. म्हणून हे पत्र.

आमचे व्याही तुला आठवतच असतील. भूगोलाचे निवृत्त मास्तर, मान ताठ, बोलणं फळ्यावर लिहिल्यासारखं. गेली सहा वर्षं ते दूध, दही, लोणी, मध यांतलं काही तोंडाला लावत नाहीत, आणि भाजी खायची तर त्या त्या हंगामातलीच. सगळं घर त्यांनी याच वळणावर आणलं. (विहीणबाई आधी नाइलाजानं आल्या, आणि आता नवऱ्यापेक्षा कडक झाल्यात.) लग्नाच्या जेवणात त्यांनी वाढप्याला तीनदा परत पाठवलं, तेव्हा मी म्हणालो होतो, "बाहेर हिरवळ आहे, मास्तरांना तिकडे सोडा." हळूच म्हणालो होतो. समोर माइक चालू आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून आठ महिने त्या दोघांनी आमच्या घरात पाऊल टाकलं नाही. यात मरण झालं ते लेकीचं. दर रविवारी यायची, बसायची, सासरचा विषय काढायची नाही. एकदा स्वयंपाकघरात डोळे पुसताना दिसली, आणि कांदा तर कोणी चिरत नव्हतं. मला फार लागलं गं ते. त्यामुळे "बाबा, रविवारी ते दोघं जेवायला येतायत. तुम्ही फक्त बोलू नका," असं ती म्हणाली तेव्हा मी मुकाट मान हलवली. आणि शुक्रवारी मनगट मोडलं. लेक म्हणाली, पुढे ढकलू. पण एवढ्या मिनतवारीनं आलेला योग पुढे ढकलला की कायमचाच जातो. चौतीस वर्षांच्या संसारात मी फक्त पाणी उकळलंय (तेही दाढीचं), तरीही मी छातीठोकपणे म्हणालो, "मी करतो."

शनिवारी भाजीवालीकडे गेलो आणि कैरी मागितली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू पुढच्या वर्षीचं वर्तमानपत्र मागतोय. थंडीत कैरी नसते, ताई. मी जन्मभर लिफ्टचा मिस्त्री. वर, खाली आणि बंद एवढेच हंगाम मला माहीत. शेवटी तिनंच पिशवीत मटार, गाजरं, पालक भरला आणि वर सहा किलोचा लाल भोपळा माझ्या हातात दिला, तान्हं मूल द्यावं तसा. घरी सुरी त्याच्यात रुतून बसली ती निघेना. मग माझ्या जुन्या हत्यारपेटीतली लोखंड कापायची करवत काढली, धुतली आणि भोपळा जमिनीवर गुडघ्यानं दाबून धरून कापला. ही खुर्चीत बसून डाव्या हातानं हुकूम सोडत होती. सुपात दुधाऐवजी बदामाचं दूध घालायचं होतं, म्हणून बदाम रात्रभर भिजवले, सकाळी वाटले. गाळायला मलमलचं फडकं सापडेना, तेव्हा एक कोरा करकरीत बनियन, अजून लेबलसुद्धा न काढलेला, कामी आला. (हे फक्त तुला सांगतोय.) ते दूध एका पातेल्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलं. शेजारी, तसल्याच पातेल्यात, आमच्या चहाचं दूध.

पाहुणे साडेबाराला आले आणि लिफ्टला काय झालं कोण जाणे, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये बंद पडली. आत एकटे मास्तर. विहीणबाईंचा लिफ्टवर विश्वास नाही. त्या पाच मजले जिन्यानं चढून, घाम पुसत, नवऱ्याच्या आधी पोचल्या. कंपनीला फोन केला तर माणूस तासाभरानं येतो म्हणाले. मी चौथ्या मजल्यावर पालथा पडलो आणि दार वीतभर सरकवलं. खाली मास्तरांचं टक्कल आणि दोन चकचकीत बूट दिसत होते, बाकी मास्तर मधल्या अंधारात.

"हवा येतेय ना?" मी विचारलं.

"येतेय. भूक लागली आहे," ते म्हणाले. आठ महिन्यांत आमच्यात झालेला हा पहिला संवाद.

मी धावत वर गेलो, सूप उकळत होतं, त्यात दूध ओतलं, मीठ टाकलं, एक वाटी भरून खाली आलो आणि फटीतून दिली. वर जाऊन पाव घेऊ म्हणून पुन्हा चढलो, फ्रिज उघडला, आणि पाहतो तर बदामाच्या दुधाचं पातेलं जसंच्या तसं भरलेलं. ओट्यावर रिकामं पडलेलं होतं ते चहाच्या दुधाचं.  लेक बाहेर टेबलावर पाणी ठेवत होती, किती दिवसांनी गुणगुणत होती. गप्प बसावं का? कोणाला कळणार होतं? पण त्या माणसानं सहा वर्षं पाळलेलं मी माझ्या धांदलीनं मोडलं होतं, आणि एकदा त्याची टिंगल करून झालीच होती. मी खाली गेलो आणि पुन्हा पालथा पडलो.

"मास्तर, थांबा. खाऊ नका. माझी चूक झाली. त्यात गायीचं दूध पडलंय."

 मग त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "वर आणखी कोणी आहे?"

"कोणी नाही."

"मग अजून एक वाटी मिळेल?"

मग त्या वीतभर फटीतून सगळं बाहेर आलं. गेले वर्षभर मास्तर दर मंगळवारी चष्म्याच्या दुकानात काड्या घट्ट करायच्या निमित्तानं जातात आणि तिथे दुधाचा चहा पितात. व्रत स्वतःच घरात आणलेलं, आता विहीणबाईंची एवढी श्रद्धा बसलीय की मागे फिरायची सोय नाही. मीही मग हिरवळीबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "वाक्य चांगलं होतं. माइक नको होता." आम्ही दोघं हसत सुटलो. माझं पोट फरशीवर आपटत होतं.

कंपनीचा माणूस येऊन ते बाहेर निघेपर्यंत मी गुपचूप दुसरं सूप केलं, बदामाचंच. आणि गंमत बघ, ते पहिल्यापेक्षा सरस झालं. मी तीन वाट्या प्यायलो. विहीणबाईंनी भोपळ्याच्या बिया भाजून खायला शिकवल्या. मास्तर मात्र "वा, वा" म्हणत एकेक चमचा औषधासारखा घेत होते. लेक आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहत होती, पण जाताना माझ्या गळ्यात पडली, आणि मला आणखी काय हवं?

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : मास्तर पुढच्या महिन्यात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तुमच्याच गावात पंधरा दिवस असतील. विहीणबाई सोबत आहेत. मास्तर रोज संध्याकाळी पाच वाजता 'फिरायला' म्हणून निघतील आणि तुझ्याकडे येतील. चहा दे. दूध सायीसकट. आणि ही विचारेल तर हे पत्र तुझ्या गुडघ्याबद्दल होतं.

ता. क. २ : लिफ्टला काय झालं ते खरं तर मला माहीत आहे. बाल्कनीतून त्यांची गाडी दिसली तेव्हा पातेल्यातल्या भोपळ्याच्या फोडी अजून दगडासारख्या होत्या. वाटलं, लिफ्टचा मेन स्विच बंद करावा, पाच मजले चढून येतील, दहा मिनिटं मिळतील. मास्तर एवढ्या तरातरा चालतात आणि लिफ्टमध्ये शिरलेसुद्धा असतील, हे मला काय ठाऊक! लगेच स्विच परत चालू केला, पण ही नवी मशीनं कंपनीच्या किल्लीशिवाय हलत नाहीत. मास्तरांना मी हे सांगितलेलं नाही. तूही चहाबरोबर सांगू नकोस.