फ्रीजरमधला माझा आमरस

प्रिय आई,

काल अक्षय्य तृतीया, आपली आखाजी झाली. तुमच्या नावाची पहिली घागर भरली, वर आंबा ठेवला, पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य दाखवला. तुम्हाला जाऊन सात महिने झाले, तरी ताट मांडता मांडता "आई, कुरडया किती तळू?" म्हणून मी मागे वळलेच!

जेवणं झाली आणि पातेल्यात रस उरला. दुधाच्या थैल्या धुऊन ठेवल्या होत्या, त्यांत भरायला घेतला, अगदी तुमच्यासारखा. ते बघून तुमच्या लेकीचे, सुनीताताईंचे डोळे भरले. अकरा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट त्यांनी काल सांगून टाकली. ती ऐकल्यापासून मला चैन नाही. तुमची माफी मागायची राहिली आहे, म्हणून हे पत्र.

मी बुलढाण्याहून लग्न होऊन डोणगावात आले, तेव्हा तुमचा फ्रीजर उघडून थक्कच झाले होते. काय नव्हतं त्यात! आंबट व्हायच्या आत साच्यात गोठवलेलं ताक; चार वड्या बेसनात सोडल्या की कढी. पाहुण्यांसाठी आणलेला उसाचा रस उरला, की लिंबू पिळून तोही साच्यात. पुरणाचे गोळे, चिंचेचा कोळ, उकडलेल्या कैरीचा गर. एकदा मी उरलेलं वरणही आत ठेवायला गेले, तर तुम्ही हात धरलात.

"कणकेत जिरते ते. त्याले कायले थंडीत बसवतं?"

दुसऱ्या दिवशी त्या वरणाचे धपाटे मीच चार खाल्ले.

तुमचे नियम किती कडक! गरम डबा आत जायचा नाही. डबा काठोकाठ भरायचा नाही. एकदा विरघळलं ते पुन्हा गोठवायचं नाही. आणि ती बर्फाची वाटी, वर रुपया ठेवलेली! गावाहून आल्यावर तुम्ही आधी ती बघायचात. रुपया तळाला गेला असेल तर लाइट बराच वेळ गेलेली, बर्फ वितळून परत जमलेला, म्हणजे आतलं काही खायचं नाही. मी बी.एस्सी. झालेली, पण मला हे सात जन्मांत सुचलं नसतं. तरी माहेरी जाऊन मी तुमच्या थैल्यांच्या नकला करायचे. आईच्या घरी सगळे पोट धरून हसायचे.

मग आर्याच्या वेळेला दिवस गेले. ऐन आंब्यांत मला कोरड्या उलट्या. जीव आंब्यावर, पण वास आला तरी मोरीकडे धाव! आंबे संपले तेव्हा कुठे अन्न पोटात ठरायला लागलं.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. तुम्ही दोन दिवस भावाकडे वरवट बकालला गेला होतात. माझ्या माहेरची माणसं येणार, त्यांतलं कोणी बर्फ काढायला फ्रीजर उघडलं तर काय म्हणतील? मी सगळ्या थैल्या बाहेर काढल्या आणि मागच्या उकिरड्यावर नेऊन टाकल्या. फ्रीजर पुसून लख्ख केला. तुम्ही आलात, दार उघडलंत आणि तशाच उभ्या राहिलात.

"वंदना, त्या पिवळ्या थैल्या कोठी गेल्या वं?"

"फेकल्या, आई. वास मारत होत्या."

"बरं केलं," म्हणालात आणि दार लावलंत.

चार दिवस तुम्ही माझ्याशी कामापुरतंच बोललात. मी मनात म्हटलं, काय ही चिक्कू बाई, दोन थैल्यांसाठी रुसून बसली!

काल सुनीताताई म्हणाल्या, "वयनी, तो रस तुमच्यासाठी होता. आई मले म्हणे, आंब्याच्या दिवसात पोरीच्या पोटात घास टिकला नाही. सातव्यात तिच्या ताटात आमरस वाढतो, पाह्य कशी खूश होते! तुम्ही फेकल्यावर तिनं मले फोन केला. रडत होती. पण म्हणे, तिले सांगू नको. पोटुशी हाये, जिवाले लावून घेईन."

आई! असं का केलंत हो? तेव्हा नाही तर नाही, पण आर्या झाल्यावर सांगायचं होतं! किती उन्हाळे आपण दोघी गच्चीवर कुरडया घालत बसलो. जगभरच्या गोष्टी केल्यात, ही एवढी सोडून. मी रडले असते, तुमच्या गळ्यात पडले असते. आता कुणाच्या गळ्यात पडू?

आणि खरं सांगते, थैल्यांना कसलाही वास येत नव्हता. मला तुमची लाज वाटत होती. चुकलं माझं, आई. फार चुकलं.

काल आर्यानं सगळं ऐकलं. पाचवीत गेली आता, कान नुसते टवकारलेले असतात. आज सकाळी वेणी घालताना तिनं विचारलं, "मंग आज्जीनं तुले काऊन नाही सांगतलं?"

"तू पोटात होतीस ना. मला वाईट वाटलं असतं."

ती म्हणाली, "म्हंजे आज्जी मायासाठी चूप राह्यली?"

"तुझ्यासाठी आणि माझ्यासाठी," मी म्हटलं आणि मला पुढची वेणी घालता येईना.

एक कबूल करते, आई. कोणासाठी काही राखून ठेवलं, तर त्याच दिवशी त्याला सांगीन. आणि ते कोणी फेकलंच, तर तुमच्यासारखी गिळून बसणार नाही. माझ्यात तेवढं बळ नाही. भांडीन, रडीन, दोन दिवस अबोलाही धरीन, पण त्या माणसाला माझी माफी मी जिवंत असतानाच मागता येईल, एवढं बघीन.

तुमचीच,
वंदना