ठराव तोच, गाडीही तीच

॥ श्री ॥

मुक्काम नांदणगाव, तालुका वाळवे, जिल्हा सातारा
ता. १७ फेब्रुवारी १९४६

राजमान्य राजेश्री नानासो पाव्हणे यांच्या सेवेशी, सयाजीचा दोन्ही हात जोडून रामराम.

तुमच्या गुडघ्याला आता कसं आहे? एरंडाचं पान गरम करून बांधता, की वैद्याच्या तेलावरच सगळा भरवसा? वैनींचा खोकला थांबला असेल तर कळवावं आणि नसेल थांबला तरी कळवावं, कारण त्या खोकल्यावरून तुमच्या बहिणीनं इथं माझा जीव खाल्लाय. बाकी आमच्याकडं सगळी खुशाल. अंजना बरी आहे, आई बरी आहे, ऊस तोडणीला आलाय, म्हैस आटली आहे. खुशाल नाही तो एकटा मी, आणि त्याला थोडंफार कारण तुमचं कार्ड आहे.

तुम्ही लिहिता की सयाजीराव, तुम्ही लालासाहेबांशी भांडून त्यांचा गट सोडल्याचं कानावर आलं, हे बरं नव्हे, मोठ्या माणसाचं बोलणं पुढचंमागचं बघून घ्यावं. बघतो. पण पुढचंमागचं सगळं कार्डावर मावणारं नाही, म्हणून हे बंद पाकीट. (तिकीट जास्त लागलं आहे, तेव्हा सगळं वाचावं.)

आधी मागचं. पौषात इथं नगरपालिकेच्या निवडणुकीचं वारं सुटलं. मळेकऱ्यांचे पुढारी आपले लालासाहेब (आपले म्हणजे तेव्हा माझेही), आणि पेठेचे पुढारी भाऊसो. लालासाहेबांनी गुंडामास्तरांना उभं केलं. मास्तर तुम्ही पाहिलेत, आमच्या लग्नाच्या पंगतीत श्लोक म्हणत उभे होते आणि भात निवला तरी थांबले नव्हते, ते. वर्णानं काळेभोर, मनानं हळवे. तर भाऊसो चौकातल्या सभेत म्हणाले की हा हबशी नगरपालिकेत नेऊन बसवला तर दिवसाढवळ्या बत्ती लावून कामकाज चालवावं लागेल. पेठ पोट धरून हसली. मास्तर घरी जाऊन न जेवता निजले.

आपल्या गटाला त्या दिवशी जो राग आला तसा राग मी आराकानच्या लढाईत जपान्यांवरसुद्धा कुणाला आलेला पाहिला नव्हता. धुळा गाडीवानाची बैलगाडी मागवली, तिला केळीचे खुंट बांधले, मास्तरांना हार घालून वर बसवलं आणि अख्ख्या गावातून मोर्चा काढला. लालासाहेबांनी मला बोलायला उभं केलं. मी कसला बोलणारा, पण जे घडलं ते सांगितलं. ब्रह्मदेशात आफ्रिकेचे शिपाई आमच्या जोडीला कसे होते, जिथं खेचर चढत नव्हतं तिथं ते डोक्यावर दारूगोळा घेऊन कसे चढायचे, आणि पायात गोळी घुसून मी ओढ्यात पडलो तेव्हा त्यांच्यातल्या एकानं, सार्जंट कोफी त्याचं नाव, मला पाठीवर टाकून कसं बाहेर काढलं. बाया रडल्या. लालासाहेबांनी उपरण्यानं डोळे पुसले. मी स्वतः पाहिलं, खोटं कशाला बोलू. मग ठराव झाला. शब्द माझेच होते: "माणसाच्या कातडीवरून त्याला हिणवणारा मनुष्य सार्वजनिक जीवनात राहण्यास नालायक आहे." एकमतानं मंजूर झाला, छापून वाटला. सांगलीहून तुमची निषेधाची तार आली, ती लालासाहेबांनी भर सभेत वाचली आणि टाळ्या पडल्या. मला वाटलं, मी लढाईवर असताना गाव खरंच पुढं गेलंय.

अशात कोफीचं पत्र आलं. त्यांची पलटण पुण्याजवळच्या छावणीत घरच्या जहाजाची वाट बघत पडली आहे, त्याला रजा मिळाली, तुझं गाव बघायला येतो म्हणाला. आई आधी घाबरली. माणूस खातात व्हय रं ते, असं तिनं मला हळूच विचारलं. मी म्हटलं, खात असता तर ओढ्यातच मला संपवला नसता का? (यावर तिनं माझ्या अंगाकडं बघून, तुझ्यात खाण्याजोगं काय हाय, असं म्हटलं.) कोफी आला. जोंधळ्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला आणि आणखी ठेचा मागितला, तिथं आईचा निकाल लागला. त्यांच्याकडं ज्या वारी पोर जन्मतं त्या वाराचं नाव ठेवतात, आणि हा शुक्रवारचा, असं मी सांगितल्यावर ती त्याला शुक्र्या म्हणू लागली. तोही घरचा शेतकरी. कोकोची झाडं आहेत, ज्याचं चॉकलेट होतं त्याची. गुऱ्हाळावर तासन्‌तास बसला, चुलवाणात जाळ घालू लागला, आणि आमच्या गुळव्यानं काहिल जरा लवकर उतरवली म्हणून त्याच्याशी वाद घातला. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं, तरी वाद रंगला.

बाजारच्या दिवशी लालासाहेबांची सभा होती. मी कोफीला मोठ्या हौसेनं घेऊन गेलो. म्हटलं, ज्या माणसाची गोष्ट ऐकून यांच्या डोळ्यांत पाणी आलं तो माणूस समोर बघून यांना किती आनंद होईल. आम्ही मागं उभे होतो. लालासाहेब भाऊसोच्या कारभारावर बोलत होते, रस्ते नाहीत, दिवे नाहीत. तेवढ्यात त्यांची नजर आमच्यावर गेली आणि ते म्हणाले की गावाचं असं रान करून ठेवलंय की आफ्रिकेतली रानटी माणसं आपलंच जंगल समजून मुक्कामाला यायला लागली, तेव्हा मंडळी, आपापली झाडं सांभाळा, एखादा चढून बसायचा. मळेकरी पोट धरून हसले. मास्तर सगळ्यांत पुढं.

कोफीनं मला विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, रस्त्यावरच्या बत्त्यांचं बोलतोय. त्यानं चहूकडं पाहिलं आणि पलटणीतल्या हिंदीत म्हणाला, "बत्ती की बात है, तो सब आदमी हमको काहे देखता?"

नानासो, याला काय उत्तर द्यायचं ते तुम्हीच मला कळवा.

संध्याकाळी मी छापलेला ठराव घेऊन लालासाहेबांच्या बैठकीत गेलो. म्हटलं, हा आपलाच ठराव, आज आपल्यालाच लावायची वेळ आली, फार नको, उद्या चारचौघांत चुकलं एवढं म्हणा. लालासाहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी मला सुपारी कातरून दिली आणि समजावलं की भाऊसो बोलला तो द्वेष होता, आपण बोललो ती गंमत. शिवाय निवडणूक तोंडावर आहे. शिवाय तुझा पाहुणा इथला मतदार नाही. (हे मात्र कबूल करायला हवं, नाही तो मतदार.) बसलेल्यांपैकी एकानं झाड म्हणजे वंशवृक्ष असा अर्थ काढला. दुसरा म्हणाला की जंगलात राहणं हे आपल्याकडं ऋषिमुनींचं लक्षण आहे, तेव्हा हा उलट गौरवच. मी मास्तरांकडं वळलो. म्हटलं, मास्तर, तुम्ही त्या रात्री जेवला नव्हता, निदान तुम्हाला तरी कळेल.

मास्तर म्हणाले, "आवं, मला हबशी म्हणाला त्यो अपमान, कारण मी हबशी न्हाई. ह्यो तर हबशीच हाय. त्याला त्याचंच नाव सांगितलं तर अपमान कसा हुईल?"

तेव्हा मला कळलं की तो मोर्चा, ते केळीचे खुंट, त्या टाळ्या कशासाठी होत्या. हबशी म्हणून हिणवू नये यासाठी कुणीच चाललं नव्हतं. आपल्या माणसाला हबशांत मोजलं, याचा राग होता, आणि सगळ्यांत पुढं घसा फोडून ओरडत चाललेला मूर्ख मी. मी तिथंच गटाचा बिल्ला काढून ठेवला. तुमच्या कानावर जे भांडण आलं ते एवढंच. आवाज माझा चढला होता, हे खरं.

पण पुढचं ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात वाजंत्री. बघतो तर भाऊसो, आणि मागं सगळी पेठ. हातात ठराव. नवा लिहायची तसदीही घेतलेली नाही, अक्षर न अक्षर माझा, वरचं नाव तेवढं बदललेलं. गाडीही धुळाचीच, केळीचे खुंट ताजे. माणसाच्या कातडीवरून हिणवणाऱ्याचा धिक्कार असो, असं भाऊसो स्वतः ओरडत होते, आणि त्यांना हसू येत नव्हतं. कोफीनं गाडीत बसावं, हार घालून घ्यावा आणि काही बोलू नये, एवढीच त्यांची अपेक्षा.

कोफी अंघोळ करून आला, गाडी बघितली, बैल बघितले. मग भाऊसोला म्हणाला, "गाडी में सामान जाता. हम सामान नहीं है." आणि आत जाऊन दार लावून घेतलं. यावर भाऊसो, धिक्काराच्या मोर्चाच्या अग्रभागी उभे राहून, काय म्हणाले असतील? म्हणाले, यांच्यासाठी एवढं करा आणि यांना त्याची जाण नाही, शेवटी जात ती जातच. आई आतून झाडणी घेऊन बाहेर आली तेव्हा मोर्चा जरा घाईनं पुढं गेला.

कोफी रजा शिल्लक असतानाच निघाला. सभेत लालासाहेब काय म्हणाले ते त्यानं मला खरं सांगायला लावलं होतं. आईनं उंबऱ्यात बसून वाट अडवली, जेवल्याबिगर जायचं न्हाई म्हणाली, म्हणून जेवला, पण मान वर केली नाही. मी त्याला कराड स्टेशनावर पोचवायला गेलो. गाडी आली तेव्हा एवढंच म्हणाला की ब्रह्मदेशात बरं होतं, दुश्मन एकाच बाजूला होता. त्यानं हात हातात घेतला, पण लगेच सोडला. तो हात मला अजून काही सुचू देत नाही.

हे झालं पुढचंमागचं. बघून घेतलं तर कुठं काही बरं दिसतं का, ते तुम्ही शांतपणे कळवावं. गुडघ्याला जपावं. वैनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा बिनगटाचा दाजी,
सयाजी

ता.क. मुख्य लिहायचं राहिलंच. कोफीचं जहाज लांबलं आहे. त्याचं पत्र आलंय, लिहितो की जाण्याआधी तुला आणि मांला (म्हणजे आमच्या आईला) भेटायचं आहे, पण तुझ्या गावात पाय ठेवणार नाही. म्हणून मी त्याला सांगलीचा, म्हणजे तुमचा पत्ता कळवला आहे. गेल्या दसऱ्याच्या समारंभात अध्यक्ष म्हणून तुम्ही म्हणालात की आमच्या घराचं दार कुणाचा रंग विचारत नाही. मी समोरच बसलो होतो, सगळ्यांत आधी टाळी मीच वाजवली. चार दिवस माडी लागेल.

आणखी ता.क. अंजना म्हणते, दादाला विचार करायला सवड दिली तर तो विचारच करत बसेल. म्हणून मी, ती आणि आई असे आम्ही तिघं हे पत्र टाकलं की पाठोपाठ निघतो. उलट टपालाची तसदी घेऊ नये.

शेवटचा ता.क. गुळाच्या सौद्याला लालासाहेबही आम्ही पोचू त्याच दिवशी सांगलीत येऊन नेहमीप्रमाणं तुमच्याकडंच उतरणार असल्याचं आत्ताच कळलं. कोफी आणि लालासाहेब दोघांना एका घरात ठेवणं तुम्हाला अवघड वाटलं, तर कुणाला दुसरीकडं उतरवायचं ते आम्ही पोचायच्या आत ठरवून ठेवावं. कुणाला ठेवून घेतलंत ते आम्ही दारातूनच बघू.