विणाई खात्यातली अभ्यासिका

आबा, तुमच्या विणाई खात्यात आता बोलायला मनाई आहे. भिंतीवर तशी पाटीच लावली आहे. इतकी वर्षं मिल बंद होती, आवारात बाभळी माजल्या होत्या, छपराचे पत्रे उडाले होते, आणि आता तिथे स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका झाली आहे. माग होते तिथे टेबलं, टेबलांवर दिवे, आणि प्रत्येक दिव्याखाली एक खाली घातलेली मान. मागच्या आठवड्यात मी जळगावहून एसटीने मुद्दाम धुळ्याला गेले, तेच बघायला. पोरं चांगली आहेत, जागा स्वच्छ ठेवतात. दाराजवळच्या खुर्चीवर जरा वेळ बसले. कुणी मान वर केली नाही, म्हणून उठून परत आले.

माग चालू असताना तुम्हाला शेजारच्याची हाक ऐकू येत नसे, म्हणून तुम्ही सगळे ओठांनी बोलायचात, आवाज न काढता, तोंड मोठं करून. पाळी सुटल्यावर ती सवय तुमच्याबरोबर घरी यायची. मोरीत पाय धुऊन तुम्ही चुलीपाशी बसता, थाळीवर बोटाने टकटक करता, आई कळण्याची भाकरी थापता थापता वळून बघते, आणि तुमचे नुसते ओठ हलतात. तिला सगळं कळतं. ठेचा तिखट झालाय तेही, मुकादमाशी वाजलंय तेही. पाहुण्यांना वाटायचं, या घरात अबोला धरलाय. मला मात्र वाटायचं सगळ्या घरांत असंच बोलत असणार. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारलं, तर मी ते ओठांनीच सांगितलं. बाईंनी आईला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘मुलगी मुकी आहे हे आधी सांगायचं नाही का?’’ त्या दिवशी तुम्ही इतके हसलात की तुम्हाला ठसका लागला. पण त्या बोलण्याला समोर चेहरा लागायचा आबा, त्यामुळे आपल्या घरात कुणी कुणाशी पाठमोरं बोललं नाही. ते केवढं सुख होतं, हे तेव्हा कुणाला माहीत होतं!

खंडेनवमीला मागांची पूजा असायची, तेवढा एक दिवस घरच्यांना आत सोडत. मी तुमचं बोट धरून आहे, मागांना झेंडूच्या माळा आहेत, आणि पूजा झाल्यावर पोरांना दाखवायला तुम्ही एक माग सुरू करता. एकाच मागाचा तो दणका, आणि मी कानांवर हात ठेवून रडायला लागते. तुम्ही खाली बसून माझा चेहरा दोन्ही हातांत धरता आणि ओठांनी म्हणता, ‘‘भिऊ नको, मी शे ना आठे.’’ एक अक्षर ऐकू आलं नाही, तरी तुम्ही इथे आहात हे सगळं पोचलं. मिल बंद पडल्यावर तुम्ही खाटेवर कूस बदलत राहायचात आणि आईला म्हणायचात, ‘‘आवाजच नही शे, मंग झोप कशी लागी?’’ आम्ही त्यावरून तुमची थट्टा करायचो. आता जळगावात, पिंप्राळ्याच्या घरात मलाही झोप येत नाही.

तुमच्यानंतर आई आणि मी तसंच बोलत राहिलो. मग आई गेली. तुमच्या जावयांना ही भाषा कधी जमली नाही, पण निदान ते समोर बसायचे, तेही गेले. मुलगा पुण्याला असतो. रविवारी न चुकता व्हिडिओ कॉल करतो, पण फोन कुठेतरी टेकवून स्वतःचं काम करत बोलतो. मला त्याचा आवाज ऐकू येतो आणि त्याच्या घरातला पंखा दिसतो.

मिलचं काय करायचं हे ठरवायला बैठक झाली, तेव्हा जुन्या कामगारांच्या घरच्यांनाही बोलावलं होतं. अभ्यासिका की मंगल कार्यालय, एवढाच प्रश्न होता. अभ्यासिकेला सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उभी राहिले आणि म्हटलं, मंगल कार्यालय करा. तुमच्या शेजारच्या मागावरचे नाना होते तिथे. ते तडकले, ‘‘अक्का, तुना बापनी आठे घाम गाळा, नि तू आठे डीजे वाजाडशी?’’ मीही भडकले. म्हटलं, ‘‘नाना, आठे कधी शांतता व्हती का?’’ लोक हसले आणि अभ्यासिका ठरली. योग्यच ठरलं. त्या पोरांना घरी अभ्यासाला कोपरा मिळत नाही, आणि मी उगाच त्यांच्यावर रुसून बसले आहे.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. बैठकीत मी म्हटलं होतं की गरिबाच्या लग्नाला गावात जागा नाही. ते खोटं नव्हतं, पण माझं कारण ते नव्हतं. मला तिथे कुणाच्याही लग्नात जाऊन डीजेसमोर बसायचं होतं, जिथे कुणालाच काही ऐकू येत नाही आणि बोलायचं तर एकमेकांच्या तोंडाकडे बघावंच लागतं. पंगतीत वाढणाऱ्या एखाद्या बाईने लांबून माझ्याकडे बघून नुसत्या ओठांनी विचारलं असतं, ‘‘जेवल्या का?’’ मी जेवलेली असते, तरी नाही म्हणाले असते.