काळ्या नखांची संक्रांत

२९ डिसेंबर
पंकजा आज माहेरी, शेवगावला गेली. रागावून गेली असं आईला वाटू नये म्हणून मी स्टँडवर सोडायला गेलो. चार दिवसांसाठी दोन मोठ्या बॅगा. बायकांच्या पॅकिंगला लॉजिक नसतं.

कारण क्षुल्लक. काल तिने घरच्या घरी, दुपारभर बसून, दहाही नखं काळी केली. वर सोनेरी रेघा. मग माझ्यासमोर हात धरून बराच वेळ काहीतरी बोलत होती. मी मोबाईलवर कंपनीचा रिजेक्शन रिपोर्ट बघत होतो. मान वर केली आणि म्हणालो, दहाही बोटं दारात सापडली की काय. साधा विनोद. आई हसली नाही. पंकजाही हसली नाही. मनातून हसली असेल.

२ जानेवारी
दिवसभर फोन घेत नाही. संध्याकाळी घेतला. आवाज थकलेला. विचारलं, काय करतेस. म्हणाली, आत्ता कुठे टेकले. म्हणजे दिवसभर घरात येरझाऱ्या घालते आहे. माझ्यावाचून हे हाल. काळजात चर्र झालं.

निश्चय: संक्रांतीला शेवगावला जायचं आणि तिची नखं स्वतःच्या हाताने रंगवायची. काळीच. एरवी शुभकार्यात काळं चालत नाही, पण संक्रांतीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने हाच मान. त्यात लग्नानंतरची पहिली संक्रांत. काळ्या नखांना याहून चांगला मुहूर्त नाही. हे तिलाही सुचलं नसेल. मी एमआयडीसीत क्वालिटीला आहे. फिनिशिंगमध्ये माझा हात कोणी धरू शकत नाही.

३ जानेवारी
व्हिडिओ पाहिले. घरच्या घरी काळ्या नखांची स्टायलिश डिझाईन्स. शॉर्टलिस्ट: मॅट काळा. नखाच्या मुळाशी सोनेरी अर्धचंद्र. सेलोटेप लावून तिरप्या रेघा. टूथपिकने पांढरे ठिपके. व्हिडिओतली मुलगी पाच मिनिटांत करते. माझी दहा धरू.

कापडबाजारात गेलो, काळं नेलपॉलिश मागितलं. दुकानदार म्हणाला, साधं देऊ की जेल. मी म्हटलं, भारीतलं द्या. कुणासाठी म्हणाला. भाचीसाठी म्हटलं. मला भाची नाही.

४ जानेवारी
डावा हात प्रॅक्टिसला घेतला. रिझल्ट व्हिडिओसारखाच, फक्त बोटंही पहिल्या पेरापर्यंत काळी झाली. दुपारी लावलं, संध्याकाळपर्यंत वाळलं नाही. अंगठ्याला चादरीचा धागा चिकटला. मधल्या बोटाला आईने निवडायला घेतलेले तीळ.

५ जानेवारी
सुट्टी टाकली. खालच्या मजल्यावर शुभांगी वहिनींचं पार्लर आहे. सहज विचारतोय असं दाखवून विचारलं. त्या म्हणाल्या, भाऊजी, जेल असं नाही वाळत, त्याला लॅम्प लागतो. मी म्हटलं, ते माहीत आहे. एवढ्यासाठी लॅम्प कोण घेतो, आमच्या सावेडीत उन्हाला तोटा नाही. गच्चीवर हात पसरून बसलो. आई वाळवणं बघायला वर आली, माझ्याकडे बघून तशीच खाली गेली. नंतर मावशीशी फोनवर बोलत होती की कल्याणचं हल्ली बरं नाही.

तीनपर्यंत जेल दगड झालं. थोड्या सुरकुत्या पडल्या. त्याला टेक्स्चर म्हणतात.

६ जानेवारी
निघत नाही. रिमूव्हर, लिंबू, खोबरेल, कंपनीतलं थिनर. थिनरने हात पांढरा पडला, त्यामुळे नखं आणखी उठून दिसतात. बॉण्डिंग उत्तम आहे, हे मात्र मान्य करायला हवं.

७ जानेवारी
हातमोजा घालून कंपनीत गेलो. चहाच्या वेळी काढावा लागला. सेफ्टी ऑफिसर धावत आला. पाचही बोटं कशात सापडली, कुठल्या मशीनवर, कळवलं का नाहीस. मी म्हटलं, हे डिझाईन आहे. अख्खं कँटीन हसलं. माझ्या शेजारी बसणारा बिभीषण तर डबा बाजूला ठेवून हसला.

लोकांना सेन्स नाही. माणूस दिवसभर खपून काहीतरी करतो, त्यामागे काही भावना असते, आणि हे एका वाक्यात त्याचा कचरा करतात. संध्याकाळपर्यंत कुणाशी बोललो नाही. अशा लोकांपासून चार दिवस लांब जावं असं वाटलं.

९ जानेवारी
वाईट बातमी. आमच्या डिपार्टमेंटचा वैजनाथ शेवगावकडचा आहे. आईला घेऊन तिथल्या सरकारी दवाखान्यात गेला होता. म्हणाला, वहिनी दिसल्या, पन बायांनी असं घेरलं हुतं त्यांना, बोलायला सवडच न्हाई घावली.

बायकांनी घेरलं म्हणजे चक्कर आली असणार. माझ्यामुळे दवाखाना गाठला तिने. स्वतः नर्सिंग शिकलेली मुलगी आणि प्रकृतीची ही हेळसांड. घरी येऊन आईला सांगितलं, पंकजा दवाखान्यात आहे. आई म्हणाली, मग कुठे असणार. एवढं कठोर मन मी पाहिलं नाही. सासू ती सासूच.

११ जानेवारी
आई म्हणाली, हळदीकुंकू इकडे नको, शेवगावलाच करू, पंकजाला सुट्टी नाही. सुट्टी नाही. म्हणजे माहेरचे सोडत नाहीत. माझ्या सासऱ्यांनी, उत्तमरावांनी, हा विषय फारच मनावर घेतलेला दिसतो.

आई पुढे पंकजाच्या कामाचं काहीतरी बोलणार होती. मी म्हटलं, आई, ते काम माझ्यावर सोड. ती माझ्या हाताकडे बघत राहिली.

१२ जानेवारी
काल रात्री फायनल डिझाईन सापडलं. काळ्या बेसवर खरा हलवा. पांढरे काटेरी दाणे, प्रत्येक नखावर एक. चंद्रकळेवर शोभेल असं. हे कुठल्याच व्हिडिओत नाही. डाव्या हाताच्या जुन्या थरावर जेलने चिकटवून पाहिलं आणि झोपलो.

सकाळी जाग आली ती चाव्याने. उशीपासून करंगळीपर्यंत मुंग्यांची रांग. हात सुजला आहे. हलवा गेला, जेल तसंच. आयडिया चांगली होती, मुंग्यांचा विचार व्हिडिओवाले करत नाहीत.

१३ जानेवारी, भोगी
आईने बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी केली. पंकजाला लोण्याबरोबर आवडते. मला घास गेला नाही. तिचा चहाचा कप आईने कपाटात ठेवला होता, मी काढून परत ओट्यावर ठेवला.

खरं लिहायचं तर मला भीती वाटते. ती आली नाही तर मी काय करू, हे मला सुचत नाही. पण अशी वेळ येणार नाही. उद्या मी तिच्यासमोर बसेन, तिचा हात हातात घेईन, रेघा मारीन, आणि ती बॅगा भरेल. संध्याकाळची एसटी दोघांची.

१४ जानेवारी, संक्रांत
शेवगाव. आई बरोबर. घर बायकांनी भरलेलं, आणि पंकजा नाही. येईल एवढ्यात, म्हणाले. मला पाटावर बसवून गळ्यात हलव्याचा हार घातला, हातात हलव्याचा नारळ दिला. नारळ धरल्यावर नखं सगळ्यांना दिसली. सासूबाई, राहीबाई, जवळ येऊन म्हणाल्या, जावईबापू, हाताला लई लागलंय का. कुणीतरी हळद आणली.

पंकजा आली ती पांढऱ्या कपड्यांत, खांद्याला पर्स. मी सगळ्यांसमोर विचारलं, तब्येत कशी आहे. ती म्हणाली, कुणाची.

साडी नेसून, दागिने घालून, ओवाळून झाल्यावर आतल्या खोलीत निवांत वेळ मिळाला. मी सामान मांडलं. बाटल्या, सेलोटेप, टूथपिक, हलवा. म्हटलं, हात पुढे कर. तिने केले. नखं अगदी बारीक कापलेली. एकाही बोटावर डिझाईन काढायला जागा नाही. म्हटलं, हे काय. ती म्हणाली, दवाखान्यात चालत नाहीत. मग विचारलं, त्या दिवशी नखं दाखवताना मी तुम्हाला काय सांगत होते.

मला आठवेना. खूप प्रयत्न केला. रिजेक्शन रिपोर्टचे आकडे आठवत होते.

मग तीच म्हणाली. इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून निवड झाली होती. एक तारखेला हजर व्हायचं होतं. ड्युटी लागली की नखं वाढवता येणार नाहीत, रंगवता येणार नाहीत, म्हणून शेवटची हौस केली होती. नोकरी इथे राहूनच करावी लागेल, तुम्हाला चालेल ना, असं विचारलं होतं. त्यावर तुम्ही दाराचं म्हणालात.

मी म्हटलं, तू रागावून गेलीस ना मग. ती म्हणाली, रागावले होते, दोन दिवस. नंतर वेळ मिळाला नाही.

तिने माझा हात मांडीवर घेतला. कापसाचे बोळे कसल्याशा औषधात भिजवून एकेका बोटाला बांधले, थोड्या वेळाने सोडले आणि एकेक नख मोकळं केलं. मुंग्या चावलेल्या जागी मलम लावलं. फार हळू लावलं. मला वाटलं, आता सगळं ठीक होईल. मी म्हटलं, रोज फोन करीन. ती म्हणाली, तुम्ही करू नका, ड्युटीवर घेता येत नाही. रविवारी मोकळी असले तर मीच करीन. मग घड्याळ बघून म्हणाली, उद्या माझी सकाळची पाळी आहे.

१५ जानेवारी
एसटीत आई खिडकीशी बसली होती, तेव्हा धीर झाला नाही. आज चहा घेताना तिला सांगितलं की पंकजाला नोकरी लागली.

आईने कप खाली ठेवला. म्हणाली, हे तू मला सांगतोस. त्या दिवशी तिने घरात पेढे वाटले. शुभांगीला दिले, मला दिले, देवापुढे ठेवले. तुझ्या हातावर ठेवले तेव्हा तू मोबाईलमधून मान न काढता दोन खाल्लेस आणि तिसरा मागितलास.

पेढे आठवतात. केशरी होते. कशाचे, ते मी विचारलं नव्हतं.